बोळा आला नाही

माझा चष्मा गेली कित्येक वर्षं एकच माणूस करतो. दुकान मोठ्या रस्त्यावर आहे. पुढच्या भागात आरसे, दिवे, काचेच्या कपाटांत मांडलेल्या फ्रेमा आणि गोड बोलणारी मालकीणबाई. पण काम होतं ते पडद्यामागच्या खोलीत. तिथे हा स्टुलावर पाठ वाकवून बसलेला असतो. नंबरच्या यंत्राला डोळा लावायचा, काचेच्या मध्यावर ठिपका द्यायचा, मग पाण्याच्या बारीक धारेखाली काच चाकावर फिरवत फ्रेमच्या आकाराला आणायची. फ्रेम गरम हवेवर थोडी मऊ करायची आणि अंगठ्याने काच आत दाबायची. ती टक्कन बसली की तो मान हलवतो. ग्राहकाशी बोलायची वेळ आली तर मात्र चाकाकडे बघत बोलतो.

दुकानात त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. पण त्याचं आणखी एक नाव आहे आणि ते त्याच्यापेक्षा जास्त हिंडलंय. ठरल्या वेळी जो येत नाही, शब्द देऊन जो ऐनवेळी गायब होतो, त्याला आमच्याकडे बोळा म्हणतात. ‘सगळे जमलो आणि साहेबांनी बोळा केला!’ शाळेतली मुलं म्हणतात, वकील म्हणतात, एकदा एका मंत्र्याने भर सभागृहात दुसऱ्याला म्हटलं आणि त्यावरून दिवसभर कामकाज अडलं. मला वाटायचं, कापसाच्या बोळ्यासारखा हलका, फुंकर मारली की उडणारा, म्हणून हा शब्द आला असेल. तो एका जिवंत माणसावरून आलाय आणि तोच माणूस माझ्या चष्म्याच्या वाकड्या काड्या सरळ करून देतो, हे मला फार उशिरा कळलं. पुढचं बरंचसं त्यानेच सांगितलंय, थोडं त्याच्या बायकोने, आणि एक भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

तरुणपणी ते तिघं होते. गाणी लिहिणारा आणि गिटार वाजवत गाणारा तो ‘मास्तर’. शिकवायचा वगैरे नाही. कुणीही बोलत असलं की मध्येच थांबवून त्याचं व्याकरण सुधारायचा, म्हणून मास्तर. ड्रम वाजवणारी मुलगी, तिला सगळे ‘हातोडी’ म्हणत. आणि हा बेसवर. बेस म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. ती वाजत असते तेव्हा फारसं कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते.

मास्तरच्या मामाचं रंगाचं दुकान होतं. त्याच्या गोदामात, पत्र्याच्या छपराखाली यांचा सराव चालायचा. हातोडी सुरू झाली की रंगाचे डबे थरथरायचे. याच्या कानांना ते सोसायचं नाही, म्हणून हा कानांत कापसाचे बोळे घालून यायचा. झालं, नाव पडलं. एकदा तो चिडून म्हणाला, “मी काही बोळ्याने दूध पीत नाही!” तेव्हा हातोडी हसून हसून ड्रमवरच आडवी झाली. बँडचं नावही तिथलंच. गोदामाच्या दारावर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी कायमची टांगलेली असायची. यांनी नाव ठेवलं ‘ओला रंग’.

डोक्यावर कुठल्या कंपनीचा हात नव्हता. कॅसेटी स्वतःच भरायच्या, वेष्टणं खळीने चिकटवायची आणि कॉलेजच्या फाटकांबाहेर उभं राहून विकायच्या. गाणी भाड्याच्या खोल्यांची, नोकरीसाठी चपला झिजवणाऱ्यांची, भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या भांडणांची. आपण बोलतो त्या भाषेतली. तोवर तशी गाणी कुणी ऐकली नव्हती. एका हातातून दुसऱ्या हातात अशा त्या कॅसेटी गावभर झाल्या.

मग एका नाट्यगृहात पहिला मोठा कार्यक्रम ठरला. भाडं एका सिमेंट कंपनीने भरलं होतं. तिकिटं संपली होती. याने बुटांना पॉलिश केलं, बेस पाठीला लावला आणि आईला सांगून निघाला. नाट्यगृहासमोरच्या फूटपाथपर्यंत आला. रस्ता ओलांडायचा तेवढा बाकी होता.

पलीकडे रांग लागली होती. रांगेतलं कुणीतरी त्यांचंच गाणं गुणगुणत होतं. ते ऐकून कुणाची छाती फुलली असती. याच्या घशाला कोरड पडली, हात गार पडले. गोदामात तिघं असताना चुकलं तर मास्तर ओरडायचा, बस. इथे एवढी माणसं चूक ऐकायला बसणार. ‘सिग्नल बदलला की जातो,’ असं त्याने स्वतःला सांगितलं. सिग्नल बदलला. पुन्हा बदलला. रांग आत गेली, दारं लागली. तो वळला आणि घरी चालत गेला.

एवढंच घडलं. कुणाला अपघात झाला नव्हता, कुणी आडवं आलं नव्हतं. घाबरला आणि गेला.

आत मास्तरने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी दोघांनीच सुरू केलं. गाता गाता त्याची नजर सारखी विंगेकडे जात होती. मध्येच त्याने हातातलं गाणं सोडलं आणि तिथल्या तिथे रचून म्हणायला लागला:

तीन खुर्च्या, माणसं दोन,
बोळा आला नाही.
दार वाजलं, बघा कोण,
बोळा आला नाही.

लोकांना वाटलं, हा गंमत करतोय. दुसऱ्या खेपेला अख्खं नाट्यगृह म्हणायला लागलं.

सकाळी मास्तर याच्या घरी आला. याने आतल्या दाराआडून आईला हाताने खूण केली. आई म्हणाली, “तो घरात नाही.”

“पण बरा आहे ना?” मास्तरने विचारलं. “दोन दवाखाने पालथे घालून आलो. म्हटलं, कुठे गाडीखाली तर…”

“बरा आहे.”

“मग झालं,” मास्तर म्हणाला. तो जिना उतरला. दाराआड याने त्याची पावलं ऐकली, खालचं दार लागलेलं ऐकलं. आईने चहाचं आधण ठेवलं आणि याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर तो दोघांनाही कधी भेटला नाही. बेस विकून टाकला आणि एका ओळखीने चष्म्याच्या दुकानात चिकटला.

इकडे ‘ओला रंग’ वाढत गेला. त्या कार्यक्रमाचंच रेकॉर्डिंग जसंच्या तसं कॅसेटवर आलं आणि नंतरच्या प्रत्येक गाण्यातही बेसची जागा मोकळीच राहिली. ऐकताना वाटायचं, आता काहीतरी येणार, आता येणार, आणि ते यायचंच नाही. त्या मोकळ्या जागेने लोकांना वेड लावलं. आम्हा लिहिणाऱ्यांना तर फारच. मुख्य माणूस शेवटपर्यंत येतच नाही अशा कादंबऱ्या निघाल्या. कवी मधली ओळ कोरी सोडायला लागले. रंगमंचाच्या मधोमध रिकामी खुर्ची ठेवल्याशिवाय प्रायोगिक नाटक होईना. मीही त्या लाटेत हात धुऊन घेतले. माझ्या एका कथेत नायिकेचा नवरा शेवटपर्यंत बाथरूममधून बाहेर येत नाही. संपादकांनी तिला ‘बोळा परंपरेतील महत्त्वाची कथा’ म्हटलं होतं आणि ते कात्रण मी पाकिटात घालून हिंडत होतो. प्रबंध झाले, चर्चासत्रं झाली, आणि एक दिवस शब्द कोशात गेला. ‘बोळा: ऐनवेळी न येणारा मनुष्य.’

हा काचा घासत होता.

लग्न ठरलं तेव्हा त्याने बायकोला सांगितलं की तो बोळा मीच. ती खळखळून हसली आणि मग विचारलं, “का हो नाही गेलात?”

“आई आजारी होती,” तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

तिने लग्नानंतर सासूबाईंना सहज विचारलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या, “होते खरी आजारी.”

हे इथवर राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. मुलगी लहान असताना सासू-सुनेचं काहीतरी बिनसलं. तिघं जेवायला बसली होती. बायको बोलता बोलता बोलून गेली, “तुमच्या त्या एका दिवसाच्या आजारपणापायी यांचं आयुष्य काचा घासण्यात गेलं!”

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. याने मान खाली घातली आणि घास तोंडात घातला.

“चुकलंच माझं,” आई म्हणाली.

त्यानंतर ती काही वर्षं होती. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. ती गेली तेव्हा सुनेने तिचं सगळं केलं. “मी आईला न्यायला हवं होतं कुठेतरी बाजूला,” तो मला म्हणाला, “आणि एकदा तरी म्हणायला हवं होतं, चुकलं ते माझं. रोज संध्याकाळी वाटायचं, आज म्हणू. मग ती विचारायची, भाजी कशी झाली, आणि मी म्हणायचो, छान.”

मास्तर पन्नाशीच्या आत गेला, छातीच्या दुखण्याने. याने बातमी पेपरात वाचली. अंत्ययात्रेला खूप माणसं होती म्हणतात. हा गेला नाही.

मुलगी कॉलेजात जायला लागली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा जेवताना म्हणाली, “आज आमच्या ग्रुपमध्ये एकीने परत बोळा केला. असली माणसं मला अजिबात आवडत नाहीत. पहिल्यांदाच नाही सांगावं ना!” बायकोने याच्याकडे पाहिलं, याने पाण्याचा पेला उचलला. बायकोला त्याची कीव आली. आजारी आईसाठी थांबलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं! ती मुलीला म्हणाली, “प्रत्येकाची काही अडचण असते गं.” ते ऐकून त्याला ठसका लागला.

आणि मग ती लेखिका आली.

‘ओला रंग’चा आपल्या साहित्यावर आणि नाटकावर काय ठसा उमटला, यावर ती मोठं पुस्तक लिहीत होती. बाई हुशार, कष्टाळू, मनाने चांगली. कुठूनतरी माग काढत ती दुकानाच्या मागच्या खोलीत पोचली आणि दुसऱ्या स्टुलावर बसली.

“मला एक गोष्ट सापडलीये,” ती म्हणाली. “त्या दिवशी ज्या सिमेंट कंपनीने पैसे दिले होते, तिने त्याच महिन्यात एक अख्खी वस्ती उठवली होती. माणसं रस्त्यावर आली होती. तुम्ही म्हणूनच गेला नाहीत ना?”

याने चाक बंद केलं. बाई डोळे मोठे करून बघत होती. इतक्या वर्षांत त्याच्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. ‘हो’ म्हणायची त्याची हिंमत नव्हती, ‘नाही’ म्हणवेना.

“काही गोष्टी बोलायच्या नसतात,” तो म्हणाला.

बाईने ते वाक्य लिहून घेतलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते एकटंच छापलंय, मधोमध.

पुस्तक गाजलं. बघता बघता शब्दाचा अर्थच फिरला. आता बोळा म्हणजे पळपुटा नव्हे; ज्याने नकार दिला, जो विकला गेला नाही, तो. पोरं छातीवर ‘मी बोळा’ छापलेले शर्ट घालून हिंडायला लागली. नोकरी सोडली की बोळा, निवडणुकीत मत दिलं नाही की बोळा, गृहपाठ केला नाही तरी बोळा. मुलीला मैत्रिणीकडून कळलं की पुस्तकातला तो माणूस आपला बाप आहे. ती धावत दुकानात आली, पडदा सारून आत घुसली आणि याच्या गळ्यात पडली.

“बाबा! तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“हात ओले आहेत गं माझे,” एवढंच तो म्हणू शकला.

बायको मात्र घरी गोंधळली. “पण आई आजारी होत्या ना?” तिने विचारलं.

“दोन्ही होतं,” तो म्हणाला. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू. तिने पुढे विचारलं नाही.

त्यानंतरचे महिने त्याला फार जड गेले. पूर्वी लोक बोळ्याला हसायचे तेव्हा निदान खऱ्याला हसत होते. आता अनोळखी मुलं पडद्याआडून डोकावायची, हात जोडून जायची. मालकीणबाईने त्याला नवा ॲप्रन घेतला. मुलगी मैत्रिणींना घेऊन यायची आणि तो यंत्रात डोळा घालून बसायचा. यंत्रात काच नसली तरी.

मुलीचा आवाज चांगला. लहानपणापासून बाथरूममध्ये बातम्या वाचायची. रेडिओ केंद्रात निवेदक घ्यायचे होते, तिला आवाजाच्या चाचणीला बोलावणं आलं. आठवडाभर तिने घर डोक्यावर घेतलं. चाचणीच्या दिवशी सकाळी गेली ती दुपारच्या आतच परत आली. त्याची सुट्टी होती. तो स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता, बायको ओट्याशी होती.

“झालं पण?” त्याने विचारलं.

“मी बोळा केला!” ती हसत म्हणाली. “फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, काय करायचंय? दिवसभर नुसत्या जाहिराती. आपण आपला आवाज कशाला विकायचा? तुम्ही नाही विकलात.”

ती हसत होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. याने हातातली शेंग खाली ठेवली.

“हात गार पडले होते का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आणि घशाला कोरड?”

“बाबा, काय चाललंय?”

तेव्हा त्याने सांगितलं. सिग्नल, फूटपाथ, दाराआडून केलेली खूण, मास्तरचं ‘बरा आहे ना’, सगळं. मटाराच्या टोपलीकडे बघत सांगितलं.

“म्हणजे ती वस्ती? सिमेंट?”

“वस्तीचं मला त्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.”

मुलीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “मी सगळ्यांना सांगत सुटले,” ती म्हणाली. “कॉलेजात भाषण केलं मी तुमच्यावर. आज… आज मी तिथून तुमचं नाव घेऊन पळून आले.”

ओट्याशी बायकोने गॅस बंद केला. तिने वळून बघितलं नाही.

“आई आजारी नव्हत्या,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी त्यांना जेवताना बोलले होते. ‘चुकलंच माझं’ म्हणाल्या त्या. तुम्ही समोर होतात. तुम्ही जेवत होतात.”

बायको हात पुसून बाहेरच्या खोलीत गेली. मुलगी तिच्या मागोमाग. तो तिथेच बसून राहिला, मग उरलेले मटार सोलून झाकून ठेवले. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

घरात अबोला धरला गेला. ताट वाढलं जायचं, बोलणं वाढलं जायचं नाही. त्याच सुमाराला, त्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठवणीत त्याच नाट्यगृहात सोहळा ठरला होता आणि लेखिकेने त्याला बोलावलं होतं. तो नाही म्हणायच्या बेतात होता. मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. “जा,” ती म्हणाली, “आणि तिथे सांगा.”

त्या सोहळ्याला मीही स्टेजवर होतो, बाथरूमच्या कथेचा लेखक म्हणून. माझ्या शेजारच्या खुर्चीवर हातोडी होती. केस पांढरे, मनगटावर पट्टा. लेखिकेने नाव पुकारलं आणि विंगेतून माझा चष्मेवाला बाहेर आला. पुस्तक मी नुसतं चाळलं होतं; मी डोळे चोळले. सगळं नाट्यगृह उठून उभं राहिलं.

त्याने माईक दोन्ही हातांनी धरला. “बसा,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो. दुसरं काही नव्हतं. मी समोरच्या फूटपाथवर उभा होतो आणि तिथून घरी गेलो. कंपनीचं मला काहीच माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण बरं वाटलं. बायकोला वेगळं सांगितलं, तेही खोटंच. आईला खोटं बोलायला लावलं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “वा!” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. लेखिकेचे डोळे भरून आले होते. ती माईकजवळ येऊन म्हणाली, “पाहिलंत? आपलं मोठेपणसुद्धा नाकारणारा माणूस!”

“नाही हो,” तो म्हणाला, “खरंच…”

लोक प्रेमाने हसले. तो आणखी काहीतरी म्हणाला, ते टाळ्यांत बुडालं. पुढच्या रांगांत एक मुलगी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. नंतर कळलं, ती त्याची मुलगी. स्टेजवर हातोडीही वाजवत नव्हती, आणि तिच्याकडे बघून मीही थांबलो.

तो शरमेने काळवंडला होता. त्याच्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या खुर्चीवर, हातोडीच्या पलीकडे, येऊन बसला. ती पुढे वाकली. माझ्या कानावर सगळं पडलं.

“मला खोटं वाटलं नाही,” ती म्हणाली.

“मला माफ—”

“थांब. एक सांगते ते ऐक. तुझ्या जागी त्याने कुणालाच घेतलं नाही. किती जण वाजवायला तयार होते! लोकांना वाटतं, ती शैली होती. प्रबंध लिहिलेत त्यावर. त्याला दुसरा कुणी नको होता, एवढंच. दर कार्यक्रमाला तुझा स्पीकर लावून ठेवायचा. म्हणायचा, कुठेतरी असेल, आला तर खोळंबा नको. ते धूड मला उचलायला लागायचं.”

याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

“मला तुझा राग आहे,” हातोडी म्हणाली. “अजून आहे. आज बोललास म्हणून तो जाईल असं समजू नकोस.”

“हो,” तो हातांआडून म्हणाला.

पुढे भाषणं झाली. माझंही झालं. रिकाम्या जागेचं सौंदर्य या विषयावर मी तयारी करून आलो होतो; कागदावरचं वाचलं, कसंबसं संपवलं आणि बसलो. कुणीतरी कुणाची वाट बघत होतं, आणि आम्ही त्यावर एक अख्खी परंपरा उभी करून बसलो होतो.

काही दिवसांनी मी दुकानात गेलो, काड्या सैल झाल्याचं निमित्त करून, आणि त्याने मला हे सगळं सांगितलं. लेखिकेला त्याने पुन्हा फोन केला होता. ती म्हणाली, पुस्तक आता लोकांचं झालंय, आणि तसंही लोकांनी त्यातून जे घेतलं ते चांगलंच आहे ना? त्याला वाद घालता आला नाही. शर्ट अजून विकले जातात. त्याने मालकीणबाईला सांगून पडद्याबाहेर एक कागद लावला, ‘आत भेटायला येऊ नये.’ त्यामुळे तर आणखीनच येतात.

बायको आता बोलते, कामापुरतं. सासूबाईंची साडी तिने कपाटातून काढून स्वतःच्या उशाशी ठेवलीये.

मुलगी एका सकाळी चहा घेताना म्हणाली, “मी आज रेडिओवर जाऊन विचारणार आहे. तुम्ही येऊ नका.”

“बरं,” तो म्हणाला.

त्यांनी तिला सांगितलं, जागा भरल्या. ती बाकावर बसून राहिली. कुणीतरी कंटाळून तिच्या हातात एक पान दिलं आणि वाच म्हणाला. तिथून, कुणी रजेवर असलं की बदलीवर हवामान वाचायला, इतपत जमलं. घरी येऊन तिने ते आईला सांगितलं. याला आईकडून कळलं.

मी दुरुस्तीला टाकलेली फ्रेम घ्यायला गेलो त्या दिवशी मागच्या खोलीत रेडिओ होता. मालकीणबाई म्हणाली, “इतकी वर्षं मी लावते म्हणत होते तर यांना नको असायचा.” त्याने चाक बंद केलं होतं. बातम्या संपल्या आणि एका मुलीचा आवाज आला. पहिल्याच वाक्याला ती अडखळली, एक शब्द दोनदा म्हणाली. याने डोळे घट्ट मिटले. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

ती थांबली नाही. उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील, असं तिने सांगितलं, आणि मग वाऱ्याचा वेग.